कीक्लोक २३ वरून २६ वर, माझा अनुभव

आमच्याकडे सगळ्या इंटर्नल ॲप्सचं लॉगिन कीक्लोकवर (लॉगिन सांभाळणारा ओपन सोर्स सर्व्हर) चालतं, व्हर्जन २३ होतं, सिक्युरिटीवाले मागे लागले म्हणून २६ वर जायचं ठरलं. कंटेनर इमेजचा टॅग (व्हर्जनचं नाव) बदलला की झालं असं वाटत असेल तर विसरा. मधल्या २४ आणि २५ चे बदलही एकदमच अंगावर येतात, तिन्हींचं अपग्रेड गाईड वाचावंच लागतं.

स्टेजिंगला (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सेटअपवर) चढवलं तर सर्व्हर उठेचना, लॉगमध्ये 'की मटेरियल नॉट प्रोव्हाइडेड टू सेटअप एचटीटीपीएस'. अरे सर्टिफिकेट तर पुढे एनजिनएक्सवर, म्हणजे कीक्लोकच्या पुढच्या प्रॉक्सी सर्व्हरवर आहे, इथे कशाला हवं? तर आधी केसी_प्रॉक्सी=एज ही सेटिंग दिली की आतलं साधं एचटीटीपी आपोआप चालू व्हायचं, तो ऑप्शन २४ मध्ये डेप्रिकेट झाला (पुढे काढणार असं जाहीर झालं) आणि २६ मध्ये काढूनच टाकलाय. आता केसी_प्रॉक्सी_हेडर्स=एक्सफॉरवर्डेड आणि केसी_एचटीटीपी_एनेबल्ड=ट्रू असं वेगवेगळं द्यायचं. होस्टनेमचेही जुने ऑप्शन गेले, पूर्ण यूआरएल एकाच ठिकाणी द्यायची, हे मात्र बरं केलं.

मग सर्व्हर उठला, पण कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी सिस्टीम) त्याचा पॉड, म्हणजे चालू कंटेनर, सारखा मारतंय. हेल्थ आणि मेट्रिक्सचे पत्ते २५ पासून ९००० पोर्टवर गेलेत, आमचे प्रोब (सर्व्हर जिवंत आहे का ते तपासणारे) बिचारे ८०८० चंच दार वाजवत होते. दोन ओळींचं काम.

खरं डोकं खाल्लं ते सब क्लेमने, म्हणजे टोकनमधल्या युजरच्या आयडीने. लॉगिन होतंय, टोकन येतंय, सही बरोबर, आणि बॅकएंड म्हणतोय युजर नल. टोकन उघडून बघितलं तर ईमेल आहे, रोल्स आहेत, सब गायब! २५ पासून सब 'बेसिक' नावाच्या नव्या क्लायंट स्कोपमधून (ॲपच्या टोकनमध्ये काय जाईल ते ठरवणारा सेटिंगचा गट) येतो. जुना डेटाबेस मायग्रेट केला तर हा स्कोप सगळ्या क्लायंटना (लॉगिन वापरणाऱ्या ॲप्सना) आपोआप लागतो, पण आमचं स्टेजिंग रिकाम्या डेटाबेसवर जुनी रेल्म जेसन (कीक्लोकच्या सगळ्या सेटिंगची एक्सपोर्ट फाईल) इम्पोर्ट करून उभं राहतं, त्या फाईलमध्ये स्कोपची यादी आधीच लिहिलेली, मग बेसिक येणार कुठून? फाईलमध्ये हाताने टाकला. म्हणजे प्रॉडक्शनला जे झालंच नसतं त्यावर आम्ही स्टेजिंगला भांडत बसलो, म्हणून रंगीत तालीम प्रॉडक्शनच्या डेटाबेसच्या कॉपीवरच करा.

आणि डेटाबेसचा बॅकअप आधी घ्याच, स्कीमा (डेटाबेसची रचना) एकदा पुढे गेला की जुनी इमेज लावून मागे येता येत नाही.

प्रॉडक्शन रात्री केलं, शांतपणे झालं. २६ मध्ये सेशन (लोकांचं चालू लॉगिन) बाय डिफॉल्ट डेटाबेसमध्ये राहतात, त्यामुळे आता रीस्टार्ट केला तरी लोक लॉगआउट होत नाहीत. डेटाबेसवर लिहिणं वाढलंय, त्यावर लक्ष ठेवून आहे.