एप्रिलचा मराठवाडा आणि उणे 20 अंशांतले सिलिकॉन

देवगिरी एक्सप्रेसने परभणीला उतरले तेव्हा सकाळ नुकतीच उजाडली होती, तरी उन्हाचा चटका जाणवू लागला होता. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगात सिलिकॉन ट्रॅकर, म्हणजे कणांच्या टकरींतून निघालेल्या कणांचे मार्ग टिपणारे यंत्र, चालवणाऱ्या चमूत मी काम करते. परभणी आणि नांदेड येथील विज्ञान महाविद्यालयांनी याच कामाविषयी बोलण्यासाठी बोलावले होते आणि वाटेत वसमतला मामांकडे मुक्काम होता. यंत्र कसे बांधले यावर पुष्कळ लिहिले जाते. बांधून झालेले यंत्र वर्षानुवर्षे चालते कसे ठेवतात, यावर क्वचितच. म्हणून मी तेवढेच बोलायचे ठरवले होते.

परभणीच्या महाविद्यालयात व्याख्यान दुपारी होते. त्याआधी तिथल्या प्राध्यापकांनी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दाखवली. एका टेबलावर बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना चांगला ओळखीचा असलेला संच मांडलेला होता: छोटी विजेची भट्टी, तिच्यात खोचलेला थर्मामीटर, उलट्या दिशेने व्होल्टेज दिलेला जर्मेनियमचा डायोड आणि मायक्रोअ‍ॅमीटर. डायोड तापवायचा, मग तो थंड होत असताना दर काही अंशांनी प्रवाहाची नोंद करायची आणि आलेखाच्या चढावरून ‘एनर्जी गॅप’ (इलेक्ट्रॉन मोकळा होण्यासाठी लागणारी ऊर्जा) काढायची, असा तो प्रयोग. जर्नल पूर्ण करण्यापुरता तो सगळ्यांनी केलेला असतो. मी व्याख्यानाची सुरुवात त्यानेच करायची ठरवली, कारण आमच्या ट्रॅकरची रोजची काळजी नेमकी हीच आहे.

फळ्यावर आधी आकडे लिहिले. 27 किलोमीटर परिघाच्या एलएचसी या सर्नच्या कणत्वरकात प्रोटॉनांचे पुंजके दर 25 नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. जिथे ते धडकतात त्या जागेला वेढून सुमारे अडीच मीटर व्यासाचे आणि पाच मीटरहून अधिक लांबीचे एक नळकांडे बसवलेले आहे, तोच आमचा ट्रॅकर. त्यात सुमारे 200 चौरस मीटर सिलिकॉन आहे, त्यावर 90 लाखांहून अधिक बारीक पट्ट्या आहेत आणि अगदी आतल्या थरांत सुमारे 12 कोटी 40 लाख पिक्सेल. विद्युतभारित कण सिलिकॉनमधून आरपार जाताना आपल्या वाटेवर इलेक्ट्रॉन मोकळे करतो. 300 मायक्रॉन जाडीच्या तबकडीत त्यांची संख्या वीस-बावीस हजारांच्या घरात भरते. हा भार अत्यल्प असतो. तो ओळखता येण्यासाठी तबकडीला उलट्या दिशेने काही शे व्होल्ट द्यावे लागतात आणि आपोआप झिरपणारा प्रवाह शक्य तितका कमी ठेवावा लागतो.

एका विद्यार्थिनीला मी भट्टी सुरू करायला सांगितले. पारा चढू लागला तसा मायक्रोअ‍ॅमीटरचा काटा आधी रेंगाळत आणि मग झपाट्याने पुढे सरकू लागला. सगळा वर्ग त्या काट्याकडे पाहत होता. मग मी मुद्द्यावर आले. वर्षानुवर्षे किरणोत्सार सोसलेल्या सिलिकॉनमध्ये हा गळती प्रवाह मुळातच हजारो पटींनी वाढलेला असतो आणि तापमान सातेक अंशांनी वाढले की तो दुप्पट होतो. ज्या खोलीत आम्ही बसलो होतो तिथे 40 अंश होते. ट्रॅकरमधून फिरणारे शीतक द्रव्य उणे 20 अंशांच्या आसपास असते. या दोन तापमानांमध्ये गळती सुमारे तीनशे पटींनी बदलते. शिवाय गळतीमुळे उष्णता निर्माण होते, उष्णतेमुळे गळती वाढते, आणि शीतकरण कमी पडले तर हे चक्र कुठेही थांबत नाही. म्हणून ट्रॅकर चालवणाऱ्या माणसाची नजर कणांच्या सुंदर चित्रांपेक्षा तापमानाच्या आणि प्रवाहाच्या आलेखांवर अधिक काळ असते.

संध्याकाळी वसमतला पोहोचले. हळदीचा हंगाम भरात होता. मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि हवेत हळदीचा उग्र वास होता. मामा स्वतः हळद लावतात. जेवणे झाल्यावर अंगणात बसलो असताना त्यांनी विचारले, “म्हणजे मशीन बंद असलं तरी कूलर चालूच ठेवायलात का?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण त्याचे उत्तर होकारार्थी आहे आणि बाहेरच्या माणसाला ते सहसा सुचत नाही. किरणोत्साराने सिलिकॉनच्या स्फटिकात दोष तयार होतात. तबकड्या थोडे दिवस उबेत राहिल्या तर त्यांतले काही भरून निघतात, पण उबेत जास्त काळ गेला की उलटा परिणाम सुरू होतो आणि तबकडी पूर्ण काम करण्यासाठी लागणारे व्होल्टेज वाढत जाते. म्हणून कणांचे झोत महिनोन्‌महिने बंद असले तरी ट्रॅकर शक्यतो थंडच ठेवला जातो. झोत बंद असतानाचे हे राखणे हाच मला या कामाचा सर्वांत कठीण भाग वाटतो, कारण त्या काळात केलेल्या कष्टाचे फळ दिसत नाही आणि झालेली हेळसांड मात्र पुढे कायमची दिसते.

थंडपणाबरोबर कोरडेपणाही सांभाळावा लागतो. मामांनी कोपऱ्यातल्या पोत्यातून एक हळकुंड काढले आणि मोडून दाखवले. ते कट्‌कन तुटले आणि आतला गाभा गडद नारिंगी निघाला. व्यापारी असाच आवाज ऐकून भाव ठरवतो, ओल राहिलेले हळकुंड नुसते वाकते. आमच्याकडे ओल जोखण्यासाठी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, मोजतात. उणे 20 अंशांच्या नळ्यांभोवती साधी हवा आली तर तिच्यातल्या बाष्पाचे दव आणि मग बर्फ होईल, म्हणून ट्रॅकरच्या पोटात सतत कोरडा वायू सोडलेला असतो आणि आतला दवबिंदू सर्वांत थंड नळीच्याही खाली आहे ना, हे पाहिल्याशिवाय तापमान उतरवले जात नाही. मामांना हे समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औंढा नागनाथला गेले. काळ्या दगडातली देवळाची कोरीव भिंत उन्हाआधी पाहून घेतली. विसोबा खेचरांनी नामदेवांना जिथे उपदेश केला अशी श्रद्धा आहे, ते हे ठिकाण. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात आहे. याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजांत लेसर आणि आरसे असतील, सिलिकॉनच्या पट्ट्या नव्हेत. पण ती बांधून झाल्यावर तीही रात्रंदिवस कोणीतरी चालवावी लागेल, आणि ती माणसे हिंगोली-परभणीचीही असावीत असे मला मनापासून वाटते.

नांदेडला संध्याकाळचे व्याख्यान चांगलेच लांबले. तिथल्या मुलांना आमच्या कामाच्या पाळ्यांविषयी ऐकायचे होते. एलएचसीमध्ये झोत भरले जात असताना, त्यांची ऊर्जा वाढवली जात असताना ट्रॅकरचे उच्च व्होल्टेज बंद असते, कारण झोत भरकटला तर व्होल्टेजखाली असलेल्या तबकड्यांना धोका जास्त. ‘स्टेबल बीम्स’, म्हणजे झोत स्थिर झाले, अशी घोषणा झाली की व्होल्टेज चढते आणि पुढच्या काही मिनिटांत कणांचे मार्ग दिसू लागतात. ट्रॅकरचा ऑन-कॉल तज्ज्ञ फोन उशाशी घेऊनच झोपतो.

“सगळं इतकं जपून पण बिघाड होतोच ना, मॅडम?” असे एकाने विचारले. मी 2017 चे उदाहरण दिले. त्या वर्षी ट्रॅकरच्या अगदी आतला भाग, म्हणजे पिक्सेल डिटेक्टर, नवीन बसवला होता. किरणोत्सारामुळे त्यातल्या काही चिप अडकून पडत आणि त्यांना भानावर आणण्यासाठी वीज पुरवणारे डीसी-डीसी कन्व्हर्टर बंद करून पुन्हा सुरू केले जात. ऑक्टोबरपासून हे कन्व्हर्टरच निकामी होऊ लागले. पुढे तपासात कळले की किरणोत्सार सोसलेल्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये, तो बंद अवस्थेत असतानाच, गळतीमुळे आतले व्होल्टेज वाढून नुकसान होत होते. हिवाळ्यात डिटेक्टर बाहेर काढून कन्व्हर्टर बदलले आणि 2018 मध्ये ते बंद करण्याची पद्धतच सोडून वीज मुख्य पुरवठ्याकडून तोडली जाऊ लागली. दुरुस्तीइतकाच तो तपास मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले की हे काम करायला जिनिव्हालाच जावे लागते का. यंत्र ज्या भूमिगत गुहेत आहे तिच्याजवळच्या नियंत्रण कक्षातल्या पाळ्या तिथेच कराव्या लागतात. माहितीची गुणवत्ता तपासण्याच्या काही पाळ्या मात्र दुरूनही करता येतात. मी लॅपटॉपवर तिला ट्रॅकरच्या एका थराचा नकाशा उघडून दाखवला: प्रत्येक चौकोन म्हणजे एक मॉड्यूल (सिलिकॉन तबकडीचा स्वतंत्र भाग) आणि रंग म्हणजे तिथे झालेल्या नोंदींची संख्या. पांढरा चौकोन दिसला तर तो आधीपासून बंद असलेल्यांच्या यादीत आहे का ते पाहायचे. नसेल तर कोणत्या वेळेपासून गप्प झाला ते शोधायचे, त्याच वीजवाहिनीवरचे शेजारी पाहायचे आणि मगच कळवायचे. तिने खुर्ची पुढे ओढली आणि मी न सांगता एक पांढरा चौकोन यादीत शोधायला सुरुवात केली.