हिच्या कंबरेत उडीद नाही!

नागरकोविल एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री काढून तिरुनेलवेलीला उतरले, तेव्हा कंबरेचा काटा ढिला झाला होता. पुढे नेल्लैअप्परचं देऊळ पाहिलं, कन्याकुमारीला सूर्योदय पाहिला, प्रसिद्ध हलव्याच्या रांगेत धक्के खाल्ले. हलवा तुपाने निथळत होता, पण त्या रांगेत मी पुन्हा उभी राहणार नाही.

लिहायचंय ते उडनगुडीबद्दल. तिरुचेंदूरजवळचं हे गाव मैत्रिणीचं माहेर. बाहेर तांबडी वाळू आणि जिकडे पाहावं तिकडे ताड. मडक्याला आतून चुना लावून ताडाची नीरा उतरवतात, म्हणजे ती आंबत नाही. मग ती आटवून नारळाच्या करवंटीत ओततात. तीच करुपट्टी, इथला काळपट ताडगूळ. उडनगुडीच्या करुपट्टीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानदार मात्र 'शुगरवाल्यांनाही चालते' असं बिनदिक्कत सांगतात, ते ऐकू नका. शेवटी ती साखरच.

भिंतीचा आधार घेत मी उठले, ते मैत्रिणीच्या अम्मांनी पाहिलं. त्या तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि मैत्रीण खो खो हसली. "अम्मा म्हणते, हिच्या कंबरेत उडीद नाही!"

पाव्हणीला विचारण्याची पद्धत तिथे नसावी. उळुंदु कळी, म्हणजे उडदाच्या पिठाचे गोड गोळे, करायचं ठरलंच. पीठ घरात तयार होतं. काळे उडीद सालीसकट मंद आचेवर खमंग भाजायचे, थोडे तांदूळ घालायचे आणि दळून आणायचे. करुपट्टी पाण्यात विरघळवून अम्मांनी ती गाळून घेतली. तळाशी कचकच करणारी वाळू राहिली होती. त्या पाकात पीठ पडलं आणि घाटणं सुरू झालं. मधूनमधून तिळाच्या तेलाची धार. सत्तरीच्या बाईचा हात थांबत नव्हता आणि मी, कंबर धरून, स्टुलावर! ओलं बोट लावल्यावर गोळा चिकटेना, तेव्हा कळी झाली.

प्रत्येक गोळ्याला अंगठ्याने खळगा पाडून अम्मांनी त्यात पुन्हा तेल ओतलं. गोडावर कच्चं तेल पाहून माझा तुपावर पोसलेला जीव दचकला. पण पहिल्याच घासाला भाजलेल्या उडदाचा खमंगपणा आला, मागून करुपट्टीचा धुरकट गोडवा, आणि तेलामुळे सगळं घशाखाली अलगद सरकलं. फार गोड नाही. जड मात्र इतकं, की एका गोळ्यात माणूस गार. "पोदुम, पोदुम" म्हणजे पुरे, हे मी तोवर शिकले होते. उपयोग शून्य.

तेवढ्यात शेजारची मुलगी आली, असेल तेराएक वर्षांची. नुकतीच वयात आली होती, म्हणून तिला रोज कळी खाऊ घालत होते. कंबर आणि गर्भाशय बळकट होतं असं इथल्या बायका मानतात. त्यातलं किती खरं ते वैद्य जाणोत, पण उडदात 100 ग्रॅममागे 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे खाणं काही वाया जात नाही. चौकात तिच्या समारंभाचा फोटोसकट फ्लेक्स लागला होता. तो मला मुळीच आवडला नाही. त्या वयात माझा असा फ्लेक्स लागता, तर मी घर सोडून पळाले असते.

मुलगी कळीला पार कंटाळली होती. मैत्रिणीकरवी तिने मला विचारलं, "तुमच्याकडेही असं छळतात का?"

मी आठवून पाहिलं. आमच्याकडे डिंकाचे, अळिवाचे लाडू होते, पण ते बाळंतिणीसाठी. मला त्या वयात कशाला शिवायचं नाही याची यादी मिळाली होती. खायला काही घालावं, हे आजीला, आईला, कुणालाच सुचलं नव्हतं. तेलाच्या खळग्यापुढे बसून, इतक्या वर्षांनी, मला त्याचा राग आला.

"नाही, आम्हाला काहीच देत नव्हते," मी म्हटलं.

मुलीने क्षणभर विचार केला, अम्मांची पाठ वळलेली पाहिली आणि स्वतःचा उरलेला गोळा माझ्या ताटात सरकवला. अम्मा वळल्या. माझं ताट भरलेलं, तिचं रिकामं. त्यांनी खुशीत तिला दुसरा वाढला, वर तेलाची धार जरा जास्तच.