तुम्ही विचारलंत म्हणून: ती छत्री परत का आली

"भाचीच्या लग्नात मरायला निघालेल्या जोडप्याचं चित्र कुणी देतं का?" चार वर्षं ऐकतेय. परवा बारशातही तेच निघालं, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

ते दोघं मरायला निघालेत असं चित्रात कुठेही लिहिलेलं नाही. सुझुकी हारुनोबू या जपानी चित्रकाराचं हे चित्र १७६०च्या दशकातलं, लाकडी ठशांनी छापलेलं. मी दिली ती नव्याने ठसे कोरून हाताने छापलेली प्रत. बर्फात एका छत्रीखाली दोघं, तो काळ्या कपड्यांत, ती पांढऱ्या. जपानात एका छत्रीतून जाणं म्हणजे प्रेमच. तिथली शाळकरी पोरं आजही छत्री काढून खाली दोन नावं खरडतात. यात अपशकुन कसला?

बरं, खरं सांगते. घात माझ्या तोंडाने केला. आहेर देताना व्याह्यांनी कौतुकाने चित्राचं नाव विचारलं. 'बर्फातली जोडी' म्हणून मोकळं व्हायचं की नाही? मी म्हणाले, "कावळा आणि बगळा." विहीणबाईंचा चेहरा उतरला. लग्नाच्या मांडवात कावळा, पिंडाला शिवणारा! सावरायला गेले आणि आणखी रुतले. चिकामात्सू या जपानी नाटककाराचं १७०३चं बाहुलीनाट्य, त्यामागची ओसाकातली प्रेमी जोडप्याची खरी आत्महत्या, असल्या नाटकांवर १७२३मध्ये आलेली बंदी, सगळं सांगितलं. जोडीने शेवटच्या वाटेला लागण्याचा प्रवेश तिथल्या लोकांना इतका ओळखीचा, की अशी जोडी पाहिली की... इथे भाचीने माझा हात दाबला. मी वाक्य पूर्ण केलं.

आठव्या दिवशी चित्र परत आलं. कागद तोच, वर पेढ्यांचा पुडा. "भिंतीला जागा नाही हो." सहा घड्याळं आणि चार गणपती मात्र मावले.

तेव्हा मी त्यांना अडाणी म्हटलं होतं. मग मला चित्र द्यायचं होतं, की मला किती कळतं ते दाखवायचं होतं? दोन्ही असेल. आजही नाव विचारलं तर मी कावळा-बगळाच सांगेन.

दिवाळीत भाची आली, तेव्हा तिने कपाटामागून ते काढलं, काच उतरवली आणि कागद ट्यूबलाइटखाली तिरका धरला. बर्फाला शाई नसते. कोरा ठसा दाबून कागदच उठवलेला असतो, समोरून दिसत नाही. तिने त्या उठावावरून बोट फिरवलं.

"हात लावू नकोस गं," मी ओरडले.