प्रश्नचिन्हं दिसली तर मराठी गेली, पाऊंड-येन दिसले तर आहे

ऐरोलीच्या ऑफिसात सध्या सोसायट्यांच्या सभासद याद्यांचं काम चालू आहे, सगळा डेटा एक्सएमएलमध्ये (खुणांमध्ये बांधलेल्या मजकुराच्या फाइलमध्ये) येतो. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी एकदम स्वच्छ आणि डेटाबेसमध्ये टाकली की पत्त्याच्या कॉलमात कचरा. मग लोक घाईघाईत नेटवर मिळेल ते कन्व्हर्ट फंक्शन थेट टेबलावर चालवतात. प्लीज असं करू नका, आधी तो कचरा नीट बघा, मोजा.

'ठाणे' घ्या. डोळ्याला दोन अक्षरं, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) चार: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये (हे क्रमांक बाइटमध्ये लिहायची एक रीत, म्हणजे एन्कोडिंग) प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १२. आता कॉलमात बरोब्बर चार प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, कुठलंही फंक्शन तो परत आणणार नाही, मूळ फाइल पुन्हा लोड करा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए परत परत येतोय, मध्ये पाऊंडचं चिन्ह, पुढे येनचं, तर जीव भांड्यात पडू द्या. ठाण्याचे बाइट शाबूत आहेत, फक्त कोणीतरी ते विंडोज-१२५२ (इंग्रजी-युरोपी अक्षरांचं जुनं, एका अक्षराला एकच बाइट देणारं एन्कोडिंग) समजून वाचलेत, उलटं फिरवलं की झालं. ऐरोलीला मात्र जपून, कारण 'ऐ'चा शेवटचा बाइट विंडोज-१२५२ मध्ये कुठल्याच अक्षराला दिलेला नाही, आणि जोडाक्षरात पाय मोडायची जी खूण असते तिचंही तेच, त्यामुळे काही टूल तो बाइट गाळून टाकतात.

प्रश्नचिन्हं येतात कुठून, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये) बहुतेक वेळा असं होतं की फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलेलं असतं, डेव्हलपर ती स्ट्रिंगमध्ये वाचून एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) म्हणून पाठवतो, तोवर ती यूटीएफ-१६ (युनिकोडचंच दुसरं एन्कोडिंग) झालेली, मग सर्व्हर एन्कोडिंग बदलता येत नाही म्हणून एरर देतो आणि कोणीतरी एरर घालवायला एनव्हारचारचं व्हारचार (साध्या मजकुराचा प्रकार, ज्यात सहसा मराठी मावत नाही) करतो. एरर जाते, मराठीही जाते! त्यापेक्षा फाइलचे बाइट जसेच्या तसे व्हारबायनरी (नुसत्या बाइटचा प्रकार) म्हणून द्या आणि तिथून एक्सएमएलमध्ये कास्ट करा, पहिली ओळ सर्व्हर स्वतः वाचतो.

मायएसक्यूएलवाल्यांनो, तुमच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये (नाव तेच, पण हे पूर्ण यूटीएफ-८ नाही) एका अक्षराला ३ बाइटच मिळतात. मराठी त्यात बसते म्हणून टेस्टिंगमध्ये काही कळत नाही, पण बहुतेक इमोजींना ४ लागतात, आणि २०१४ला युनिकोडमध्ये आलेल्या आपल्या मोडीलाही ४च. ५.५.३ पासून यूटीएफ८एमबी४ (४ बाइटवालं पूर्ण यूटीएफ-८) आहे, तेच वापरा, टेबलालाही आणि कनेक्शनलाही.