पूर्वपक्ष लिहिताना

माझ्या थोरल्या चुलतभावाशी, ज्याला मी जन्मभर दादा म्हणत आले आहे, मागच्या निवडणुकीनंतर माझे बोलणे जवळजवळ तुटले होते. भांडण एका रात्रीचेच होते. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही न बोलता एक तह करून टाकला: तब्येतीची विचारपूस करायची, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलायचे, देशाचा विषय काढायचा नाही. वरवर पाहता हे शहाणपणाचे होते. परंतु ज्याने मला वर्तमानपत्र वाचायला शिकवले, बातमी कुठे संपते आणि लिहिणाऱ्याचे मत कुठे सुरू होते हे बोट ठेवून दाखवले, त्याच्याशीच देशाबद्दल बोलायचे नाही, हे मला दोन वर्षे आतून सलत राहिले. आमच्या नात्यात सर्वांत जिवंत होते ते हेच बोलणे, आणि तेच आम्ही बंद करून ठेवले होते.

देश दुभंगतो असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर सभा, मोर्चे आणि संसदेतील गोंधळ येतो. माझ्या मते त्याची खरी जागा याहून लहान असते. ती दोन माणसांमध्ये असते, आणि तिथे आरडाओरडा कमी आणि गप्प बसणेच अधिक असते. त्या गप्प राहण्याच्या काळात समोरच्या माणसाचे एक चित्र आपल्या मनात तयार होत जाते, आणि ते दुरुस्त करायला तो माणूस तिथे नसतो. अमेरिकेतील डग्लस आलर आणि गौरव सूद या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारले होते की रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी किती जणांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख डॉलरपेक्षा जास्त असेल. लोकांचा सरासरी अंदाज ३८ टक्के निघाला. प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांबद्दलचे अंदाजही असेच भरकटलेले होते. राजकारणात रस असणाऱ्या, बातम्या नियमित पाहणाऱ्या लोकांची चूक कमी असेल असे वाटावे, पण त्यांचे अंदाज उलट जास्तच चुकलेले होते. हे वाचले तेव्हा मला दादाची आठवण झाली, कारण रोज चार वृत्तपत्रे वाचणारी मी त्याच्याविषयी किती गोष्टी गृहीत धरून बसले होते, याचा मला अंदाजच नव्हता.

शेवटी मीच त्याला एक पत्र लिहिले. त्यात एक विनंती होती. एकच विषय घ्यायचा, मुलांच्या शाळेचा; त्यावर त्याची बाजू मी एका पानात लिहायची आणि माझी बाजू त्याने लिहायची. मग पाने बदलायची, आणि ज्याची बाजू आहे त्याने ती तपासायची. वाद घालायचा नाही, फक्त दुरुस्ती करायची. "माझी बाजू वाचून मला सही करावीशी वाटली पाहिजे," असे मी लिहिले होते. त्याने आठ दिवसांनी उत्तर पाठवले: "ठीक आहे, पण तू आधी लिही."

मी लिहिले. शाळा सरकारने चालवू नयेत, पालकांच्या हाती पैसा द्यावा आणि त्यांना हवी ती शाळा निवडू द्यावी, असे दादाचे म्हणणे आहे, एवढे मला ठाऊक होते. त्यामागची कारणे मी माझ्या मनाने भरली: त्याचा बाजारावर विश्वास आहे, ज्याची ऐपत असेल त्याने पुढे जावे असे त्याला वाटते, मागे राहिलेल्यांचा विचार करणे हे सरकारचे काम नाही असे तो मानतो. मला वाटले होते की मी बऱ्यापैकी न्यायाने लिहिले आहे. पान परत आले तेव्हा शेवटच्या दोन वाक्यांवर लाल रेघ होती आणि समासात त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते: "हे मी कधी म्हणालो?"

खाली, पानाच्या उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत, त्याने जे लिहिले होते ते मला चाळीस वर्षांत माहीत नव्हते. तो सातवीत असताना त्याच्या वर्गाला गणिताचे शिक्षक जवळजवळ वर्षभर मिळालेच नाहीत. नेमणूक झालेली होती, हजेरीपटावर नाव होते, माणूस येत नसे. काका तीन वेळा शाळेत गेले, एकदा वरच्या कचेरीतही गेले, आणि प्रत्येक वेळी अर्ज ठेवून जा असे ऐकून परत आले. "बाबांना तक्रार करायला जागा नव्हती आणि मला काढून दुसरीकडे घालायलाही जागा नव्हती," असे त्याने लिहिले होते. "त्यांचा तो परत येतानाचा चेहरा मी विसरलेलो नाही. आईबापांच्या हातात काहीतरी असावे, एवढेच माझे म्हणणे आहे."

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्याला मी बाजाराचा भक्त समजत होते तो आपल्या वडिलांच्या हतबलतेबद्दल बोलत होता. त्याचा उपाय मला आजही पटत नाही. पण त्याची वेदना खोटी नव्हती, आणि तिला मी इतकी वर्षे निष्ठुरपणा हे नाव देत आले होते.

त्याने माझी बाजू लिहिली तीही अशीच चुकलेली होती. ज्यांनी कष्टाने काही मिळवले त्यांच्याकडून ते काढून घ्यावे असे हिला वाटते, असे एक वाक्य त्यात होते. मी ते खोडले आणि लिहिले की मला कोणाकडून काही काढून घ्यायचे नाही. मला भीती वाटते ती याची की, ज्यांना आवाज आहे ते पालक शाळा सोडून गेले तर मागे फक्त ज्यांचे कोणी ऐकत नाही तेच उरतील, आणि मग गणिताचे शिक्षक दहा वर्षे आले नाहीत तरी कोणाला कळणार नाही. दादाचा निरोप आला: "अगं, म्हणजे तूही बाबांबद्दलच बोलते आहेस."

आपल्या शास्त्रपरंपरेत या कामाला एक नाव आहे, पूर्वपक्ष. आपला सिद्धान्त मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, आणि तेही त्याच्या उत्तम रूपात. सगळ्यांनी ही शिस्त प्रामाणिकपणे पाळली असे मी म्हणणार नाही. पाडण्यासाठीच उभे केलेले पूर्वपक्षही पुष्कळ आहेत. तरीही चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले असताना त्यांचे विचार आज आपल्याला कळतात ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांमुळे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांना खोडून काढायचे होते त्यांनीच ते म्हणणे पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवले.

दोन माणसांना कागदावर जे जमले ते देशाला जमते का, हा प्रश्न मला त्यानंतर सोडेना. आशेची बातमी असली की मी आधी तिचा पुरावा पाहते, कारण या विषयात फसवणूकही झालेली आहे. दारोदार जाऊन केलेल्या संभाषणाने मते टिकाऊपणे बदलतात, असा दावा करणारा एक गाजलेला शोधनिबंध २०१५ साली मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची आकडेवारीच विश्वासार्ह नव्हती. ती गफलत ज्यांनी उघडकीस आणली त्यांपैकी डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी मग मायामीमध्ये स्वतः काटेकोर प्रयोग केला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष मांडले. साधारण दहा मिनिटांचे संभाषण, ज्यात समोरच्याला उपदेश करायचा नाही, तर आपण वेगळे आहोत म्हणून आपल्याला कधी कमी लेखले गेले होते का हे त्याला आठवायला सांगायचे आणि ऐकायचे. त्याने लोकांच्या मनातील पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि हा परिणाम किमान तीन महिने टिकला. समासातली ती सातवीच्या वर्गाची आठवण माझ्या बाबतीत हेच काम करून गेली होती.

आयर्लंडने याहून मोठे धाडस केले. तिथे गर्भपाताच्या प्रश्नावर देश दोन पिढ्या विभागलेला होता. १९८३ साली सार्वमताने घटनेत घातलेल्या, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या आठव्या दुरुस्तीने तो प्रश्न बंद झाला असे वाटले होते, पण तो कधीच बंद झाला नाही. २०१६ साली सरकारने नागरिकांची एक सभा नेमली: चिठ्ठी टाकावी तसे निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्ष म्हणून न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. या विषयासाठी ते पाच शनिवार-रविवार एकत्र बसले. गोल टेबले, प्रत्येक टेबलावर सर्वांना बोलायला मिळते ना हे पाहणारी एक व्यक्ती, आधी डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञ, मग दोन्ही बाजूंच्या संघटना, आणि वेगवेगळे निर्णय घेतलेल्या स्त्रियांची ध्वनिमुद्रित मनोगते. शेवटी गुप्त मतदान. त्यांच्या शिफारशी अनेक राजकारण्यांना जनमताच्या फार पुढच्या वाटल्या होत्या. २५ मे २०१८ रोजी सार्वमत झाले तेव्हा ६६.४ टक्के लोकांनी ती दुरुस्ती काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. निकाल कोणाला आवडला आणि कोणाला नाही, हा माझा मुद्दा नाही. एक तृतीयांश लोकांना तो मान्य नव्हता, आणि त्यांचे म्हणणे आजही त्यांच्यासाठी तितकेच खरे आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, जो प्रश्न राजकारणी हातात घ्यायला धजत नव्हते तो एकमेकांना अनोळखी असलेल्या ९९ माणसांपुढे ठेवला, त्यांना वेळ आणि माहिती दिली, तेव्हा ती माणसे एकमेकांचे ऐकत बसू शकली.

त्याच बेटाच्या उत्तरेकडे जे घडले ते मला अधिक अवघड आणि म्हणून अधिक आश्वासक वाटते. तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेल्यानंतर १० एप्रिल १९९८ रोजी तिथे करार झाला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावे की आयर्लंडमध्ये जावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या करारात नाही. बहुमताची संमती असल्याशिवाय स्थिती बदलणार नाही आणि संमती मिळाली तर ती सर्वांनी मानायची, हे मात्र त्यात आहे. शिवाय तिथल्या माणसाने स्वतःला आयरिश म्हणावे, ब्रिटिश म्हणावे किंवा दोन्ही म्हणावे, हा त्याचा हक्क आहे, असेही त्यात लिहिले आहे. त्या "किंवा दोन्ही" या दोन शब्दांपाशी मी प्रत्येक वेळी थांबते. कराराला कडाडून विरोध करणारे इयान पेझ्ली आणि एके काळी आयआरएचे, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचे, नेते असलेले मार्टिन मॅकगिनेस हे ८ मे २००७ रोजी एकाच सरकारचे प्रमुख म्हणून शेजारी बसले. त्यांची मते एक झाली नव्हती. त्यानंतरही तिथले सरकार अनेकदा कोसळले, आणि बेलफास्टमधील वस्त्यांना वेगळे करणाऱ्या भिंती अजून सगळ्या पडलेल्या नाहीत. तरी ज्या पिढीने बाँब पाहिले तिची मुले ते न पाहता मोठी झाली.

आपल्याकडचे एक भाषण मी या काळात पुन्हा वाचले. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेले नव्हते, आणि ध्येयविषयक ठराव त्यांच्यासाठी थांबवावा असे बॅरिस्टर जयकरांनी सुचवले होते. बाबासाहेब काँग्रेसचे कठोर टीकाकार होते आणि सभेत त्यांच्याविषयी साशंकता होती. त्यांनी सांगितले की अंतिम भवितव्याची आपल्याला अडचण नाही. अडचण आहे ती आज इतक्या भिन्न लोकांना एकत्र निर्णय घ्यायला लावून एका वाटेवर कसे आणायचे ही. त्यासाठी घोषणा बाजूला ठेवू, लोकांना घाबरवणारे शब्द बाजूला ठेवू, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, असे त्यांनी सभेला विनवले. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. लीग आली नाही, फाळणी टळली नाही. पण ज्यांच्याशी त्यांचे उभे वैर मानले जाई, त्याच सभेने २९ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना मसुदा समितीवर नेमले, आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. विरोधकांना सवलत द्या असे म्हणणारा हा माणूस आपल्या माणसांच्या हक्कांच्या बाबतीत तसूभरही मागे हटणारा नव्हता, हे मी विसरत नाही.

आणि ते विसरून चालणारही नाही. समान भूमी शोधायची म्हणजे दोन टोकांच्या मध्ये खुंटी ठोकायची, असे मी मानत नाही. कोणाच्या माणूसपणावरच प्रश्नचिन्ह लावले जात असेल, तर तिथे निम्मे माणूसपण हा तोडगा असू शकत नाही. ज्याच्यावर घाव पडतो आहे त्याने घाव घालणाऱ्याचा पूर्वपक्ष लिहीत बसावे, अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. दादा आणि मी एकमेकांचे पान लिहू शकलो ते आम्हा दोघांनाही एकमेकांपासून धोका नव्हता म्हणून. ज्यांना हे सुख आहे त्यांच्यावर मात्र याची जबाबदारी जास्त आहे, असे मला मनापासून वाटते, आणि अशी माणसे देशात फार मोठ्या संख्येने आहेत.

शाळेच्या विषयावर आमची चार पाने झाली. चौथ्या पानावर एकच वाक्य असे उरले, ज्याखाली दोघांच्या सह्या आहेत: शिक्षक वर्गात आले नाहीत तर पालकाने कोणाकडे जायचे हे त्याला माहीत असले पाहिजे, आणि ठरलेल्या मुदतीत त्याला लेखी उत्तर मिळाले पाहिजे. शाळा कोणी चालवायची यावर आम्ही जिथे होतो तिथेच आहोत, आणि पुढच्या निवडणुकीतही आमची मते वेगवेगळ्या चिन्हांवर पडतील. पण ते वाक्य घेऊन आम्ही दोघांनी आपापल्या लोकप्रतिनिधीला एकाच मजकुराचे पत्र पाठवले. ते दोघे परस्परविरोधी पक्षांचे आहेत. एकाचे उत्तर आले आहे, दुसऱ्याची वाट पाहत आहोत.

गेल्या आठवड्यात दादाने नवे पान मागितले. या वेळचा विषय त्याने निवडला आहे, आणि तो तोच आहे ज्यावरून त्या रात्री आमचे भांडण झाले होते. त्याची बाजू लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीनदा कागद फाडला. काल रात्री निम्मे पान लिहून झाले आणि मी ते पाठवून दिले. आज सकाळी त्याचा निरोप आला: पहिली ओळ बरोबर आहे, बाकीचे लाल करून पाठवतो.