कासरा आणि 200 मीटर

गेल्या महिन्यात न्यूझीलंडमधल्या ताकापुनाच्या किनाऱ्यावर सत्तरीच्या एका गृहस्थांनी मला हात करून थांबवलं आणि विचारलं, "तू पडलास की हे थांबतं का?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाच मिनिटांपूर्वीच मी पडलो होतो आणि ते थांबलं नव्हतं.

"हे" म्हणजे ऑकलंडच्या आमच्या गॅरेजमध्ये सात महिने खपून बनवलेला विजेचा ओढबोर्ड. फॉइल सर्फिंगमध्ये बोर्डाखाली हातभर दांडा असतो आणि त्याच्या टोकाला विमानासारखे पंख. वेग आला की पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलतात, मग किनाऱ्यावरून दिसणारही नाही अशा बारक्या उसळीवरही तरंगत जाता येतं. अडचण तो पहिला वेग मिळवण्याची. कुणी जेट स्की वापरतं, कुणी हाताने वल्हवून दमतं. मी दीड मीटरच्या फोमच्या फळीला मोटर लावली, मागे दोर बांधला आणि थ्रॉटलचा रिमोट हातात घेतला. फळी मला ओढते. उसळी सापडली की दोर सोडायचा.

न्यूझीलंडच्या लोकांना फॉइलचं वेड का, हे इथे आल्यावर कळलं. 2012 साली अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठीच्या त्यांच्या संघाने 72 फुटी बोट इथल्याच हौराकी आखातात पंखांवर उचलून चालवली होती. मी ज्या पाण्यात उतरतो तेच हे पाणी, समोर रांगितोतो ज्वालामुखीचं बेट. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी उसना घेतलेला आहे, कारण माझं काही यात नव्हतं.

माझं जे होतं ते कोल्हापुरातून आलं. उद्यमनगरात आण्णांचं लेथचं वर्कशॉप आहे. नळीत बेअरिंग कसं बसवायचं, ओ-रिंगला किती दाब द्यायचा, ग्रीस कुठे भरायचं आणि कुठे नाही, हे मी दहावीच्या आधी शिकलो. बोर्डाला पाण्यातच चालणारी ब्रशलेस मोटर घेतली. बॅटरी स्वतः बांधली: 21700 मापाचे 120 लिथियम सेल, ओळीत 12 आणि समांतर 10. पूर्ण चार्ज झाल्यावर 50.4 व्होल्ट. आण्णा फोनवर म्हणाले, "आणि पाण्यात करंट उतरला तर रं?" मी सांगितलं, म्हणूनच 60 व्होल्टच्या आत ठेवलंय. खरी भीती वेगळी आहे. खारं पाणी आत शिरून शॉर्ट झालं तर पावणेदोन युनिट वीज एकदम मोकळी होते. म्हणून प्रत्येक समांतर गटाला फ्यूज, डब्याच्या झाकणाला दोन सील, आणि पाण्यात उतरवण्याआधी डबा रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा.

सेल मिळवण्यात मात्र जीव मेटाकुटीला आला. धाकटा भाऊ पुण्याहून येणार होता, त्याला म्हटलं घेऊन ये. नाही जमत. सुटे लिथियम सेल प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 2016 पासून जगभर बंदी आहे, आणि जवळच्या बॅगेत 100 ते 160 वॉट-तासांची बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेताच येत नाही. माझा पॅक 1,700 वॉट-तासांचा. शेवटी इथल्याच विक्रेत्याकडून घेतले, किंमत ऐकून आई दोन दिवस बोलली नाही. बंदी बरोबर आहे, विमानात आग लागली तर कुठे पळणार? पण गॅरेजमधलं अर्धवट काम बघत तीन आठवडे काढताना हे पटवून घेणं कठीण होतं.

पहिल्यांदा उतरवला तेव्हा बोर्ड वळेचना. मी डावीकडे झुकलो की त्याचं नाक उजवीकडे जायचं. दोर मी शेपटाला बांधला होता. मी ओढलं की शेपूट माझ्याकडे यायची, नाक उलटं फिरायचं. मग आजोबांची बैलगाडी आठवली. कासरा बैलाच्या शेपटीला नसतो, वेसणीला असतो. बंदरातल्या टगबोटीचाही ओढायचा हूक साधारण मध्यावर असतो, तो याचसाठी. दोराची कडी सुकाणूच्या फिनच्या बरीच पुढे, फळीच्या मध्याजवळ सरकवली आणि बोर्ड शहाण्या जनावरासारखा वळायला लागला. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आण्णांना पाऊण तास तेच सांगत होतो.

आता त्या गृहस्थांकडे येतो. फॉइलवर उठताना मोटर साधारण 4 किलोवॅट खेचते, वर आल्यावर त्याच्या निम्म्याने भागतं. मी उठता उठता पडलो, रिमोट माझ्या मुठीत पाण्याखाली गेला. 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. संदेश तुटला की मोटर शून्यावर यायला हवी, पण बोर्डावरचा रिसीव्हर मी सेटिंग न बदलता घेतला तसाच ठेवला होता, आणि तो शेवटचा थ्रॉटल धरून बसला. बोर्ड सरळ किनाऱ्याकडे सुटला, उथळ पाण्यात वाळूत रुतून थांबला. तिथून तीस पावलांवर दोन लहान मुलं खड्डा खणत होती. मोटरचा पंखा अजून वाळू उडवत होता. मी पोहत येईपर्यंतचा तो वेळ अजून अंगावर येतो.

गृहस्थांनी आवाज चढवला नाही. इतकंच सांगितलं की किनाऱ्यापासून 200 मीटरच्या आत 5 नॉटच्या वर जायचं नाही, पोहणाऱ्यापासून किंवा दुसऱ्या बोटीपासून 50 मीटरच्या आतही नाही. 5 नॉट म्हणजे ताशी 9 किलोमीटर. तेवढ्यात माझा फॉइल उचलतच नाही. शिवाय कुणाला त्याहून वेगाने ओढायचं तर ओढणाऱ्या बोटीत चालकाखेरीज किमान 10 वर्षांचा एक माणूस लक्ष ठेवायला हवा.

मला राग आला. मनात म्हटलं, पंचगंगेच्या घाटावर हे उतरवलं असतं तर शंभर माणसं जमली असती आणि त्यातली दहा तरी मदतीला पाण्यात आली असती. इथे एकटा आला, तोही नियम ऐकवायला. आणि माझ्या फळीवर माणूस बसणार कुठे? तो माणूस हवा कशासाठी, तर मागचा पडला हे चालकाला कळावं म्हणून. इथे थ्रॉटल माझ्याच हातात. मी पडलो की बोर्डाला कळतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मग तसं करून दाखव."

माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. या देशात मौजेच्या साध्या बोटीला सहसा लायसन्स लागत नाही. घरी बनवलेली वस्तू पाण्यात घालताना कुणी शिक्का मागत नाही. चालवणारा जबाबदार, एवढंच. मी त्या मोकळिकीचं कौतुक घरी फोनवर कितीदा केलं होतं. तिची दुसरी बाजू त्या दिवशी वाळूत पंखा फिरवत पडली होती.

पुढचे तीन रविवार पाण्यात गेलोच नाही. रिसीव्हर आणि कंट्रोलर, दोन्हीकडे संदेश तुटताच शून्य, अशी सेटिंग केली. मनगटाला दोरी आणि तिच्या टोकाला चुंबक, चुंबक निघालं की मोटर बंद. पंख्याभोवती कडं बसवलं. रिमोट बादलीत वीस वेळा बुडवला, वीसही वेळा मोटर थांबली. अकरा वर्षांची लेक वहीत रेघा मारत होती. तो व्हिडिओ त्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि शेडमधला ड्रिल प्रेस हवा असेल तर गुरुवारी ये म्हणाले.

तरीही लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा नियम मला फळीवर पाळता येत नाही. म्हणून आता फळी एकट्याने वापरत नाही. त्या गृहस्थांची अॅल्युमिनियमची छोटी बोट आहे, ते चालवतात, लेक मागे तोंड करून बसते, दोर त्या बोटीला. ओढबोर्ड 200 मीटरच्या आत माझी बॅग आणि वल्हं वाहतो, ताशी 9 किलोमीटरने. त्याच्या दोरामागे मला परत कधी जाता येईल हे बंदर कार्यालयाला लिहून विचारलं आहे.

दरम्यान मोटर धरणारा माझा थ्रीडी प्रिंट केलेला क्लॅम्प तडकला. आण्णांना मापं पाठवली. मंगळवारी पार्सल आलं: अॅल्युमिनियमचे क्लॅम्प, अॅनोडायझिंग केलेले, कडा हाताने घासलेल्या. मी एक मागितला होता, त्यांनी तीन केले. सोबत चिठ्ठी: "एक बोटीवाल्या आजोबांना दे. पोरं खणत होती तिथून किती लांब होतं ते परत एकदा नीट सांग."