रोझेतो वालफोर्तोरे: सुनेच्या खापरपणजोबांचं गाव

आमची सून पेनसिल्व्हेनियातल्या रोझेतोची. ते गाव वसवलं दक्षिण इटलीतल्या रोझेतो वालफोर्तोरेच्या लोकांनी. १८८२ साली तिथून पहिली टोळी निघाली, न्यूयॉर्कला उतरली आणि पेनसिल्व्हेनियातल्या बँगरजवळच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला लागली. मग भाऊ, मेहुणे, शेजारी एकामागून एक तिकडेच. १९१२ मध्ये त्या वस्तीला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. पुढे १९६०च्या दशकात इथल्या लोकांना हृदयविकार कमी का होतो हे शोधायला डॉक्टर आले आणि अमेरिकेतलं रोझेतो जगभर गाजलं. इटलीतलं मूळ गाव मात्र डोंगरातच राहिलं.

सुनेला ते बघायचं होतं. आम्ही म्हातारा-म्हातारी, मुलगा आणि ती असे निघालो.

नावापासूनच सावध राहा. इटलीत आणखी दोन रोझेतो आहेत, एक अब्रुझ्झोच्या किनाऱ्यावर, दुसरं कालाब्रियात. घरात नुसतं ‘रोझेतो’ एवढंच ऐकलं असेल तर आधी जहाजाची प्रवासी यादी काढा. १९०७ नंतरच्या याद्यांत जन्मगाव आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नावही असतं. ‘एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कच्या बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी नाकं) साहेबाने आडनाव बदललं’ ही गोष्ट घरोघरी सांगतात, ती सोडून द्या. याद्या जहाज सुटायच्या बंदरातच लिहिल्या जायच्या. आडनावाचं स्पेलिंग बहुतेकदा नंतर शाळेत नाहीतर कारखान्यात बदललेलं असतं.

खरं काम घरी बसून होतं, गावात नाही. हे गाव तेव्हा नेपल्सच्या राज्यात होतं, आणि तिथे १८०९ पासून जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘आंतेनाती’ संकेतस्थळावर अशा लाखो पानांची छायाचित्रं फुकट बघता येतात. जे तिथे मिळत नाही ते फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर शोधा. इटालियन येत नसेल तरी घाबरू नका, मजकूर ठरावीक साच्यातला असतो. चार दिवसांत नजर बसते. बापाच्या नावाआधी ‘फु’ असेल तर तो तेव्हा वारलेला, ‘दि’ असेल तर जिवंत. एवढ्यावरून मृत्यूची नोंद कुठल्या वर्षांत शोधायची ते कळतं.

बायका लग्नानंतरही माहेरच्याच नावाने नोंदलेल्या असतात. हे मोठं वरदान आहे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे एकाच पिढीत एकाच नावाचे तीन-तीन चुलतभाऊ निघतात. तेव्हा आईचं नाव धरूनच वेगळे करावे लागतात.

एक नोंद मी बराच वेळ बघत बसलो. पानाचे दोन उभे भाग. डावीकडे, बाप मूल घेऊन अधिकाऱ्यापुढे हजर झाला आणि मुलगा दाखवला. उजवीकडे, त्याच मुलाचा बाप्तिस्मा कधी झाला ते. शेवटी एक ओळ: हजर असलेल्यांना लिहिता येत नाही असं त्यांनी सांगितलं. खाली सही एकट्या अधिकाऱ्याची.

लग्नाच्या नोंदीसोबत जोडलेली कागदपत्रंही जरूर उघडा. वधूवरांचे जन्मदाखले, बाप वारला असेल तर त्याचा मृत्यूदाखला, कधी आजोबांचाही. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या चोपडीत एकदम चार पिढ्या हाती लागाव्यात तसं होतं. सुनेची साखळी अशी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गेली. त्यामागे जायचं तर चर्चची दप्तरं. त्यासाठी पाद्रीबाबांना आधी पत्र लिहून वेळ ठरवा.

आता रस्ता. रोमहून फोज्जापर्यंत थेट रेल्वे आहे, साधारण तीन तास. तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर, पण शेवटचा टप्पा वळणांचा. बस आहे, पण तिच्या भरवशावर दिवस आखू नका. गाडी भाड्याने घ्या आणि छोटीच घ्या, गावातल्या गल्ल्या फार अरुंद. भारतीय किंवा अमेरिकन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. मुक्कामाला जवळचं लुचेरा शहर सोयीचं पडतं, आणि तिथला तेराव्या शतकातला किल्लाही बघून होतो.

गाव साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, वस्ती हजाराच्या घरात, भोवतालच्या डोंगरांवर पवनचक्क्या. दगडी चौकटीची दारं, पायऱ्यांच्या गल्ल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. मी घेतली होती. पालिकेत सकाळीच जा आणि आधी ईमेल करा. सोबत नाव, वर्ष आणि नोंद क्रमांक इटालियनमध्ये लिहिलेला कागद ठेवा. ‘आमचे पूर्वज शोधा’ म्हणून उभं राहिलात तर बिचारे काय करणार? आमच्या कागदावर नोंद क्रमांक होता, म्हणून बाईंनी लगेच मोठं बाड काढलं. दुपारी एकनंतर सगळं गाव बंद, ते थेट संध्याकाळपर्यंत.

दफनभूमीत जुनी थडगी मिळतील अशी आशा धरू नका. ठरावीक वर्षांनी अस्थी काढून जागा दुसऱ्याला देतात, त्यामुळे १८८०ची पाटी सापडणं कठीण. आडनावं मात्र भिंतीभर ओळखीची. अमेरिकेतल्या पत्रपेट्यांवर जी, तीच इथे.

इटालियन पासपोर्टच्या आशेने जाणार असाल तर २०२५चा कायदा वाचा. परदेशात जन्मलेल्यांना वंशावरून नागरिकत्व आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच मिळतं. खापरपणजोबा कितीही पक्के सापडले तरी उपयोग नाही. सुनेला ते ठाऊक होतं, तिला गावच बघायचं होतं.

ऑगस्टमध्ये परदेशी गेलेली मंडळी परततात. ओळखी काढायला तोच महिना चांगला, मात्र राहायची जागा फार आधी ठरवा. शाकाहाऱ्यांनी पानकोत्तो मागावं: शिळा पाव, पालेभाजी, ऑलिव्ह तेल. मांस-मासे नाहीत ना, हे मात्र विचारा. इथला मध घरी आणायचा असेल तर चेक-इनच्या बॅगेत भरा. विमानतळावर तो द्रव पदार्थातच धरतात आणि हातसामानातली बरणी काढून घेऊ शकतात.